बिनरजेचा सत्कार

"ती निळी नको. काठाची नेस," हे म्हणाले. "स्टेजवर जायचं हाय."

"सत्कार तुमचा हाय. मला कशाला स्टेजवर?"

"जोडीनं बोलवलंय. इनामदार साहेबांनी सोता सांगितलंय."

हे म्हणजे माझे यजमान, महिपती चौगुले. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाऊंड्रीत मोल्डिंग मशीनवर होते. आम्ही जवळच नागावात राहायचो. त्या दिवशी खंडेनवमी होती. खंडेनवमीला कारखान्यातल्या मशीनना हार घालतात, पूजा होते, कामगारांच्या बायकापोरांना आत यायला मिळतं. त्या वर्षी पूजेनंतर यांचा सत्कार होणार होता. दहा वर्षांत एकही रजा न घेतलेला कामगार म्हणून.

हे सकाळपासून आरशासमोर होते. पांढरा शर्ट तीनदा खोचला, तीनदा काढला. मला खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही. दहा वर्षांत आमच्या लग्नातली चांगली आठ वर्षं होती. आमची वृषाली जन्मली तेव्हा मी माहेरी होते, आणि हे तिला बघायला आले ते पुढच्या आठवडी सुट्टीला, एका एसटीनं येऊन दुसऱ्या एसटीनं परत. माझ्या भावाच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा हे मशीनवर. लोक विचारायचे, "दाजी कुठायत?" मी सांगायचे, "रजा नाही." नंतर नंतर लोकांनी विचारायचं सोडलं.

"रजा नाही" म्हणजे नसायची असं नाही. भरपगारी रजा होती. दर वर्षी साठायची. ती मागायची नसते, एवढंच होतं.

"आपण गेलो न्हाई तर लाईन बंद पडती," हे म्हणायचे. इनामदार साहेबांनी तसं सांगितलं होतं. चौगुले, तुझ्यावाचून माझी लाईन बंद पडेल. ते वाक्य हे घरी घेऊन आले होते, बक्षीस मिळाल्यासारखं.

कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. एका बाजूला बायका, एका बाजूला गडी. वृषाली माझ्या मांडीला चिकटून बसलेली. शेजारच्या खुर्चीवर सुरेखा पाटोळे येऊन बसली. तिचे यजमान सर्जेराव यांच्याच लाईनवर होते. मी तिच्याकडं बघून हसले. ती हसली नाही.

"झालं तुमच्या मनासारखं?" ती म्हणाली.

"कशाचं?"

"सत्काराचं."

"माझं कसलं मन त्यात?"

सुरेखा समोर बघतच हळू आवाजात बोलायला लागली. "वैनी, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण ऐका. येत्या दिवाळीत माझा भाऊ जीप करून जाणार हाय. तुळजापूर, अक्कलकोट. आमाला म्हणला, तुमीबी चला. पोरं नाचायला लागली. यांनी रजेचा अर्ज टाकला. इनामदारानं काय करावं? कारण वाचलं, फिरायला जाणे. सगळ्यांच्या म्होरं मोठ्यानं वाचलं. म्हणला, पाटोळे, त्या चौगुलेची आई मेली तरी त्यानं त्याच दिवशी दुपारपाळी केली. आणि तुला फिरायला रजा पायजे? लाज वाटती का?"

मी वृषालीला जवळ ओढली.

"अर्ज फाडला," सुरेखा म्हणाली. "यांनी घरी येऊन पोरांना मारलं. उगंच. फिरायचं नाव काढलं म्हणून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमचा नवरा म्हंजी चाबूक झालाय वैनी. इनामदाराच्या हातातला. आमा सगळ्यांच्या पाठीवर बसतोय तो."

तेवढ्यात स्पीकर कुरकुरला. इनामदार साहेब माईकजवळ आले. ते कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर. गोरे, नीट भांग पाडलेले, आवाज गोड. कारखान्याचे मालक, शेठ, मधल्या खुर्चीत बसले होते, त्यांच्या बाजूला हे, डोक्यावर गुलाबी फेटा. फेटा जरा मोठा झाला होता. सारखा भुवईवर येत होता.

"मित्रांनो," इनामदार म्हणाले, "आपल्या कारखान्यात काही लोकांची आजी दोनदा मरते. काहींच्या मेव्हण्याचं लग्न वर्षातून तीनदा होतं."

गडी हसले. साहेबांच्या विनोदाला हसतात तसे.

"आणि एक हा चौगुले. याच्या आईचं निधन झालं. सकाळी यानं अग्नी दिला, आणि दुपारपाळीला हा माणूस गेटवर हजर! डोक्याचे केस उतरवलेले, डोळे लाल, पण हात कामावर. मी म्हटलं, चौगुले, घरी जा बाबा. तर मला म्हणाला, साहेब, हीच माझी आई. याला म्हणतात निष्ठा. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. शेठ मान हलवत टाळ्या वाजवत होते. मी यांच्याकडं बघत होते. यांनी मान खाली घातली होती. तेव्हा मला वाटलं, लाजून.

माझ्या अंगातून गरम वाफ निघाल्यासारखं झालं. तो दिवस मला ठाऊक होता. सासूबाई पहाटे गेल्या. माझा हात धरूनच गेल्या. हे रातपाळी करून आले, दहाच्या सुमाराला अग्नी दिला, घरी येऊन अंघोळ केली, आणि पाळी बदलायचा दिवस होता म्हणून दुपारपाळीसाठी पुन्हा युनिफॉर्म चढवला. घरात भावकी बसलेली. माझे दीर म्हणाले, "दादा, आज?" हे म्हणाले, "जायला पायजे." रक्षाविसर्जनाला दिरांनी राख सावडली. थोरला लेक असून नाही. त्या दिवसापासून दिरांनी आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. गावातल्या बायका मला पाणवठ्यावर विचारायच्या, तुझ्या नवऱ्याला आईपेक्षा मशीन मोठं का? मी काय सांगणार? मीही तेच विचारायचे, मनातल्या मनात, इतकी वर्षं.

"आता सौभाग्यवती चौगुले वहिनींनी स्टेजवर यावं," इनामदार म्हणाले. "साडी-चोळी देऊन त्यांचाही सन्मान."

वृषालीला सुरेखाकडं देऊन मी गेले. शेठजींनी साडीचं पुडकं दिलं. मी घेतलं. इनामदारांनी माईक माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "वहिनी, दोन शब्द. घाबरू नका, नुसतं धन्यवाद म्हणा."

मी माईक धरला.

"मला बोलायची सवय न्हाई," मी म्हणाले. माझाच आवाज मांडवातून परत कानावर आला आणि मी दचकले. "साहेबांनी आत्ता माझ्या सासूबाईंचं सांगितलं. तुमी टाळ्या वाजवल्या. मला एक कळंना, टाळ्या कशाला? आई गेली आणि लेक राख सावडायला नव्हता, ह्यात टाळ्या वाजवायजोगं काय हाय?"

शेठ इनामदारांकडं बघायला लागले.

"रजा कंपनी देती म्हणतात. पगारासकट देती. मग दिलेली घेतली तर माणूस चोर, आणि न घेतली तर त्याला फेटा, हे कुठलं? उद्या म्हणाल, जेवणाची सुट्टी न घेणाऱ्याला शाल देतो. हा सत्कार यांचा न्हाई. हा बाकीच्यांना धाक हाय. यांना म्होरं बसवून तुमी..."

"बास," हे म्हणाले.

मी थांबले नाही. "...यांना म्होरं बसवून तुमी बाकीच्यांची पोरं घरात कोंडताय. सासूबाई माझा हात धरून मेल्या. लेक कुठाय म्हणत मेल्या. तो रातपाळीला हुता."

माईक बंद झाला. कुणी बंद केला ते कळलं नाही. मागं गड्यांत एकानं शिट्टी मारली आणि लगेच थांबवली. इनामदार हसत पुढं आले, दुसरा माईक घेऊन. "वहिनींचा राग नवऱ्यावर आहे हो, आपल्यावर नाही. घरोघरी हेच. चौगुले, आज रात्री जेवण मिळणार नाही बघ तुला!"

आणि लोक हसले. हसले! सुरेखा हसली नाही, पण बाकीचे हसले. माझ्या हातात साडीचं पुडकं होतं. ते मी इनामदारांच्या खुर्चीवर ठेवलं आणि उतरले.

आम्ही घरी निघालो. लुनावर वृषाली पुढं, मी मागं. घरात आल्यावर फेटा काढून कोपऱ्यात टाकला.

"इज्जत घालवलीस माझी," हे म्हणाले.

"मी घालवली? त्यानं तुमची आई मांडवात आणून मांडली, तवा न्हाई गेली?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग सांगा की. कळू दे. आठ वर्षं मला काय कळतंच न्हाई. आई गेली त्या दिवशी कुठलं काम जळत हुतं?"

हे माझ्याकडं असे बघत राहिले, की मला वाटलं आता हात उचलतात. उचलला नाही. बाहेर गेले आणि ओट्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. घरात आपट्याची पानं आली, पण एकमेकांना कुणी दिली नाहीत. वृषालीनं दोघांच्या हातात आपणच कोंबली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी हे पहिल्या पाळीला गेले आणि तासाभरात परत आले. डबा तसाच. मी शिलाई मशीनवर होते. पाय थांबला.

"काय झालं?"

"रजा दिली."

"कसली?"

"सगळी. इनामदार म्हणला, वहिनींना पाहिजे होती ना? घे. साठलेली सगळी घे. बोलवल्याशिवाय गेटवर यायचं न्हाई." यांनी डबा खाली ठेवला. "तुला पायजे हुती न्हवं? घे."

तो माणूस माझ्यासमोर असता तर मी कात्रीच फेकून मारली असती. जी गोष्ट दहा वर्षं मागायची सोय नव्हती ती शिक्षा म्हणून दिली! म्हणजे रजा ही शिक्षाच, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. लाईनवरच्या प्रत्येकाला कळलं पाहिजे, की जास्त बोललं की माणूस घरी बसतो.

हे घरी बसले. म्हणजे खरोखर बसले. सकाळी उठून दाढी करायचे, युनिफॉर्मची पँट घालायचे आणि ओट्यावर बसायचे. रस्त्यानं जाणारा विचारायचा, "काय चौगुले, आज घरी?" हे म्हणायचे, "व्हय." आत येऊन पाणी प्यायचे, परत जाऊन बसायचे. मला वाटायचं, नोकरी गेली. यांनाही तेच वाटत असणार. पण आम्ही दोघं बोलतच नव्हतो, त्यामुळं भीतीसुद्धा ज्याची त्याला.

एका दुपारी हे उठले आणि काही न सांगता चालत निघाले. ऊन उतरायला परत आले. चपला काढल्या नाहीत, तसेच स्वयंपाकघरात आले आणि माझ्या पाठीशी उभे राहिले. मी भाकरी थापत होते.

"चालू हाय," हे म्हणाले.

"काय?"

"माझं मशीन. गेटच्या आत न्हाई सोडलं. मागनं गेलो, भिंतीकडनं. आवाज येतोय तिथं. माझ्या मशीनचा आवाज मला कळतोय, धाप-धाप येतो, मधेच जरा अडखळतो. चालू हाय. कुणीतरी नवा पोरगा लावलाय." यांनी कपाळाचा घाम पुसला. "लाईन बंद न्हाई पडली गं."

मी तवा उतरवला. वळून बघितलं. असं तोंड मी यांचं सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं.

"दहा वर्षं," हे म्हणाले, "म्हणत हुता, तुझ्यावाचून बंद पडंल."

"तुमी खरं मानलं."

"मानलं." मग हे खाली बसले, चुलीपाशी, भिंतीला टेकून. "त्या दिवशीचं इचारत हुतीस न्हवं. आई गेली त्या दिवशीचं. मी मागितली हुती रजा."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही.

"अग्नी देऊन येताना वाण्याच्या दुकानातनं फोन केला. म्हणलं, साहेब, आई गेली, तीन दिवस द्या. तर म्हणला, अरे अग्नी दिलास ना? मग आता घरी बसून रडण्यापलीकडं काय करणार आहेस? दुपारी ये. तुझं रेकॉर्ड आहे, मोडू नको. आणि नाहीच आलास तर मशीनवर दुसरा लावतो, मग भांडू नकोस. मी रडत हुतो शालन. फोनवर. दुकानात माणसं हुती. मी म्हणलं, साहेब, राख सावडायची हाय, थोरला हाय मी. तर म्हणला, भाऊ आहे ना तुला?"

भाकरी तव्याशेजारी वाळत होती.

"आणि स्टेजवर काय म्हणला तो? साहेब, हीच माझी आई. मी म्हणालो असं! मी असं कवाच बोललो न्हाई."

"मला का सांगितलं न्हाई?" मी ओरडले. वृषाली दारात येऊन उभी राहिली होती, तरी ओरडले. "मी तुमाला दगड समजत आले! भाऊजी तुमचं तोंड बघत न्हाईत! सगळा गाव तुमाला दगड समजतोय!"

"काय सांगू? आई गेली म्हणून साहेबासमोर रडलो आणि तरी त्यानं सोडलं न्हाई, असं सांगू? त्यापरीस दगड बरा. दगडाला लोक निदान टाळ्या वाजवत्यात."

माझा राग यांच्यावरचा होता, तो जागचा उठला आणि कुठं जावं ते त्याला कळेना. मी भांडी आदळली. परात उचलून अंगणात फेकली, पीठासकट. शेजारणी डोकावल्या. मग आत येऊन मी म्हणाले, "उद्या जायचं."

"कुठं?"

"कुठंबी. रजा हाय न्हवं? भरपगारी! मग ओट्यावर का काढायची? त्यानं शिक्षा म्हणून दिली म्हणून आपण शिक्षा म्हणून घ्यायची का?"

पुढं कारखान्यात काय झालं ते इथंच सांगून टाकते. रजा संपल्यावर यांना परत घेतलं, कारण काढायला कारण नव्हतं. पण मशीन दिलं नाही. फेटलिंगला टाकलं, ओतीव मालाच्या धारा घासायच्या तिथं. धुळीचं, वाईट काम. निवृत्त होईपर्यंत हे तिथंच राहिले. फेट्याचा कार्यक्रम पुन्हा झाला नाही. आणि हे दर वर्षी रजा टाकायचे. कारणाच्या जागी काही लिहायचे नाहीत. इनामदार अर्ज परत पाठवायचे, हे तसाच पुन्हा द्यायचे. सर्जेरावांना दिवाळीची रजा नाही ती नाहीच मिळाली. पुढच्या वर्षी मिळाली, भांडून. दिरांना मी जाऊन सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "वैनी, हे आधी कळायला पायजे हुतं." पण यायला लागले.

तर, दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरच्या स्टँडवर गेलो. कुठं जायचं ठरवलं नव्हतं. विजापूरची गाडी लागलेली होती, खिडकीची जागा रिकामी होती. वृषाली म्हणाली, "गोलघुमट!" बसलो. हे गाडी सुटल्यापासून झोपले. मिरज गेलं, जत गेलं, हे झोपलेले. तोंड उघडं, डोकं माझ्या खांद्यावर. दहा वर्षांची झोप असणार. मला खांदा दुखेपर्यंत त्या इनामदाराला शिव्या द्यायला वेळ मिळाला.

रात्र विजापुरात काढली आणि सकाळी गोलघुमटावर गेलो. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून अरुंद जिना वर जातो. मधल्या मजल्यांवर थांबत, धापा टाकत चढलो. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तरी पलीकडच्या बाजूला ऐकू येतं. सोलापूरकडची एक मंडळी होती, त्यांची पोरं टाळ्या वाजवत होती आणि एका टाळीच्या कितीतरी टाळ्या होत होत्या. वृषाली पळत पलीकडं गेली आणि भिंतीला तोंड लावून म्हणाली, "पप्पा, ऐकू येतंय का?"

हे दचकले. मागं बघितलं. मग हसले. मी यांना असं हसताना लग्नाच्या वर्षी बघितलं होतं.

"तुमीबी बोला की काहीतरी!" ती भिंतीतून म्हणाली.

हे कठड्याला धरून उभे राहिले. थोडा वेळ खाली बघत होते, त्या कबरींकडं. मग छाती भरून घेतली आणि ओरडले, "इनामदाऽऽर!"

घुमट हादरल्यासारखा झाला. इनामदार, इनामदार, इनामदार. सगळ्या बाजूंनी तो माणूस येत राहिला. सोलापूरची पोरं खिदळली, आणि ती पण ओरडायला लागली, कोण इनामदार, काय इनामदार, काही माहीत नसताना. मलाही हसू आलं. मीही ओरडले. तोंडाला येईल ते ओरडले, ते इथं सांगण्यासारखं नाही.

पोरं दमली. आवाज विरत गेला. घुमट गप्प झाला आणि हे पुन्हा ओरडले. या वेळी आवाज वेगळा होता.

"साहेब, आई गेली माझी! रजा द्या!"

आई गेली माझी. आई गेली माझी. भिंतीभिंतीतून ते वाक्य परत येत होतं आणि यांचे खांदे हलत होते. सोलापूरच्या मंडळीतल्या एका म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला. वृषाली पलीकडं भिंतीला कान लावून तशीच उभी राहिली.

खालून पहारेकरी धावत वर आला, तोंडात शिट्टी, कानडीत काहीतरी ओरडत. यांच्यापर्यंत पोचला, यांचं तोंड बघितलं, आणि त्यानं शिट्टी तोंडातून काढली. तो बाजूच्या पायरीवर बसला.